कार्डवाल्यांची आमराई

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा ते पंचेचाळिशीचेही नव्हते. कारखान्यात मशीनवर उभे असताना उजवा हात सुटला आणि ते तिथेच खाली बसले. दोन महिन्यांनी हॉस्पिटलमधून घरी आले ते उजवा पाय ओढत आणि शब्द अर्धेमुर्धे गिळत. मी तेव्हा बारावीला होते. उल्हासनगर कॅम्प चारमधल्या ज्या डॉक्टरांकडे आम्ही सगळ्या दुखण्यांसाठी जायचो, ते आईला म्हणाले, "बाई, गोळ्या मी देतो. पण माणूस रोज चालला पाहिजे आणि बोलत राहिला पाहिजे. घरात बसवून ठेवलात तर बसलेलाच राहील."

चालायचं कुठे? आमची चाळ अंबरनाथ पूर्वेला, वस्ती संपते त्या टोकाला. समोरच्या रस्त्यावर केमिकलचे टँकर. चांगली धडधाकट माणसंसुद्धा तिथून अंग चोरून जायची. पण चाळीच्या मागून शेताच्या बांधावरून गेलं की आमराई लागायची. तिच्यातून एक पायवाट थेट तळ्यापर्यंत जायची आणि तळ्याला वळसा घालून डोंगरातल्या आदिवासी पाड्यांकडे चढायची. जमीन ठाण्याच्या कुणा इनामदाराची आहे असं ऐकलं होतं. तो आंब्याच्या दिवसांत माणूस पाठवायचा, बाकी वर्षभर त्याला तिची आठवण नसायची. सकाळी पाड्यावरच्या बायका डोक्यावर मोळ्या घेऊन त्या वाटेने बाजाराला उतरायच्या. कारखान्याच्या कॉलनीतले लोक कॅनव्हासचे बूट घालून फिरायला यायचे. उन्हाळ्यात आमच्या चाळीतल्या बायका तळ्यावर गोधड्या धुवायच्या. कुणी कुणाला विचारायचं नाही.

बांधापर्यंत मी अण्णांना सायकलच्या कॅरिअरवर बसवून ढकलत न्यायचे. पुढे ते काठी घेऊन चालायचे. पहिल्या आठवड्यात पहिल्या जांभळापर्यंतच पोचले आणि घामाने चिंब झाले. मग आम्ही झाडं मोजायला लागलो. बोलण्याचा व्यायामही व्हायचा. "एक, जांभूळ. दोन, रायवळ. तीन, रायवळ. चार, वाकडा. पाच, चिंच." 'वाकडा' हा शब्द त्यांच्या तोंडातून सहा आठवडे नीट निघाला नाही. सातव्या आठवड्यात निघाला तेव्हा आम्ही दोघं त्या वाकड्या आंब्याखाली बसून हसलो. तळ्यापर्यंत सत्तावीस झाडं होती. ती पार करायला अण्णांना आठ महिने लागले. त्या दिवशी त्यांनी पाण्यात पाय सोडले आणि उजव्या पायाला गार लागतंय, असं मला चारदा सांगितलं. लागत नव्हतं तोवर त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नव्हतं.

पुढच्या दिवाळीनंतर आमराईभोवती खांब आले. मग काटेरी तार, मग भिंत, भिंतीवर काचा, आणि आमची पायवाट जिथून आत शिरायची तिथे लोखंडी गेट. इनामदाराच्या नातवाने जमीन विकली होती. घेणारे शेठ मोठे होते. त्यांचे दोन-तीन कारखाने होते, एका ट्रस्टचे ते अध्यक्ष होते, शाळांच्या गॅदरिंगला हार घालून बसायचे. आम्ही सगळ्यांनी त्यांना कुठल्या ना कुठल्या स्टेजवर पाहिलं होतं. झाडांवर त्यांचं फार प्रेम. दर पावसाळ्यात नगरपालिकेसमोर एक रोप लावताना त्यांचा फोटो यायचा. रोप तेच असावं अशी मला शंका आहे, कारण तिथे झाड कधीच झालं नाही.

गेटवरचा वॉचमन भला माणूस होता, बदलापूरकडचा. अण्णांना बघून तो स्टुलावरून उठला. "काका, आता इकडून नाय जाता येणार. शेठचं फार्महाऊस होतंय. त्यांना प्रायव्हसी लागते."

अण्णांनी तो शब्द म्हणायचा प्रयत्न केला. जमला नाही. घरी येईपर्यंत ते तोच जुळवत होते.

मला मात्र त्या शब्दाचं तेव्हा हसू आलं आणि आजही येतं. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहा माणसं राहत होतो. मी वयात आल्यापासून मोरीच्या तोंडाशी आईची जुनी साडी बांधून अंघोळ करत होते, आणि भाऊ पलीकडे पाढे म्हणत बसायचा. एकांत म्हणजे काय आणि तो नसला की काय होतं, हे आम्हाला कुणी शिकवायला नको होतं. माझा एकांत साडीच्या रुंदीचा होता. शेठना चाळीस एकर लागले, आणि तेही महिन्यातून दोन रविवार, मुंबईहून येतील तेव्हा.

कॉलनीतले फिरणारे लोक चिडले. त्यांचं एक मंडळ झालं. पुढारी होते अण्णांच्याच कारखान्यातले एक अधिकारी. अण्णा त्यांना साहेब म्हणत, घरी बोलतानासुद्धा. साहेबांनी निवेदन लिहिलं, त्यात 'नागरिकांचा नैसर्गिक हक्क' असे शब्द होते, आणि ते त्यांनी आम्हाला दोनदा वाचून दाखवले. शेठना भेटायला जायचं ठरलं. अण्णा म्हणाले, मीही येतो. त्यांचं बोलणं समजावून सांगायला मी सोबत.

फार्महाऊसच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या होत्या. आम्ही आठजण होतो आणि खुर्च्या सात. मी अण्णांच्या मागे उभी राहिले. शेठ पांढऱ्या झब्ब्यात आले, सगळ्यांना हात जोडले. दोघाजणांच्या मुलांची चौकशी केली. साहेबांनी निवेदन पुढे केलं तेव्हा ते न वाचताच बाजूला ठेवून शेठ म्हणाले, "अहो, तुम्ही लोक आलात तर मला आनंदच आहे. सुशिक्षित माणसांना माझी कधीच ना नाही. पण गेट उघडं टाकलं तर उद्या कोणीही आत येईल. तुम्हालाच ते आवडेल का?"

आवडेल म्हणणारं कुणी नव्हतं.

शेठनी टाळी वाजवली आणि आतून एक डबा आला. डब्यात कार्डं होती, पिवळी, छापलेली, नंबर घातलेली. म्हणजे आम्ही येणार, काय मागणार आणि किती स्वस्तात गप्प बसणार, हे त्यांना आधीच ठाऊक होतं. सकाळी सहा ते आठ, कार्ड दाखवून आत यायचं. साहेबांनी कार्ड दोन्ही हातांनी घेतलं, देवळात प्रसाद घेतात तसं. नैसर्गिक हक्काचा कागद टेबलावर तसाच होता. कुणीतरी त्यावर चहाचा कप ठेवला.

अण्णा तेव्हा बोलले. हळूहळू, एकेक शब्द पकडून. शेठनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतायत हे?"

"पाड्यावरच्या बायकांचं काय, असं विचारतायत," मी म्हणाले. "त्या कुठून जाणार?"

"त्यांना हायवे आहे की."

"हायवेने त्यांना तीन मैल जास्त पडतं."

शेठ हसले. "बेटी, ते लोक येतात, घाण करतात, फांद्या तोडतात. मी बायका-पोरांना घेऊन इथे येतो. माझी पण काही प्रायव्हसी आहे ना?"

साहेब अण्णांकडे वाकले आणि कुजबुजले, पण मला ऐकू आलं. "अहो, आपलं काम होतंय ना? उगाच फाटे कशाला फोडता?"

अण्णांनी आपलं कार्ड डाव्या हाताने टेबलावर ठेवलं. ते उठायला लागले, काठी घसरली, आणि मी सावरेपर्यंत दोन क्षण ते सगळ्यांसमोर लटपटत राहिले. कुणी हात दिला नाही. बाहेर आल्यावर त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. ती सांगायला त्यांना आमच्या दारापर्यंतचा सगळा वेळ लागला. त्यांच्या गावात, बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायच्या आधी, ते लहान असताना, नदीवर जायची एक वाट त्यांच्या वस्तीला बंद होती. पण त्यांच्या वडिलांना पाटलाने सांगून ठेवलं होतं, तू चांगला माणूस आहेस, तुझी बायको गेली तर मी बघितलं न बघितलं करीन. "माझी आई," अण्णा म्हणाले, "कधीच गेली नाही."

आता माझं सांगते, कारण इतरांना नावं ठेवायची तर स्वतःला वगळून कसं चालेल. टेबलावरचं ते कार्ड मी उचललं होतं. सगळे उठत असताना, कुणाचं लक्ष नसताना, पर्समध्ये टाकलं होतं. वाटलं, अण्णांचा राग आठ दिवसांत उतरेल आणि पायासाठी तरी ते जातील. आठ दिवस झाले, महिना झाला. ते टँकरच्या रस्त्याच्या कडेने चालायला लागले. दोनदा गटारात पडले. मी एकदा कार्डाचा विषय काढला, तर जेवण सोडून उठले.

एके दिवशी कॉलेजच्या आधी मी एकटीच गेले. वॉचमनने कार्ड बघितलं, माझ्याकडे बघितलं, गेट उघडलं. आत सगळीकडे लॉन. पायवाट कुठे होती ते कळेना. मी तळ्यावर जाऊन बसले. पाणी छान होतं, हे कबूल करायला हवं. तेवढ्यात साहेब हात झुलवत समोरून आले. मला बघून थांबले, आनंदले. म्हणाले, "बरं झालं! तू तरी शहाणी निघालीस."

त्या शाबासकीने मला जेवढी स्वतःची किळस आली तेवढी आजवर कुठल्याही शिवीने आलेली नाही. मी कार्ड तिथेच फाडलं. तुकडे मात्र तळ्यात टाकले नाहीत. खिशात घालून घरी आणले आणि चुलीत घातले.

अण्णांनी तहसीलदाराकडे अर्ज करायचं ठरवलं. वाट अडवली तर तिथे दाद मागता येते, हे त्यांना कारखान्यातल्या युनियनच्या माणसाने सांगितलं. कॅम्प चारमध्ये एक म्हातारा सिंधी टायपिस्ट पत्र्याखाली मशीन घेऊन बसायचा. अण्णा बोलायचे, मी सांगायचे, तो बडवायचा. शेवटी कागद ओढून काढत म्हणाला, "साईं, केस में दम है. लेकिन गवाह लाना, गवाह. अकेला आदमी पागल दिखता है."

साक्षीदारांसाठी आम्ही कॉलनीत दारोदार गेलो. दहा-दहा वर्षं त्या वाटेने फिरलेली माणसं. एकाने सांगितलं, माझी प्रमोशनची वेळ आहे. दुसऱ्याने सांगितलं, माझ्या मुलीचं लग्न ठरतंय. कार्डाचा नि लग्नाचा काय संबंध, हे मी विचारलं नाही. साहेबांनी आम्हाला आत बोलावून बसवलं, सरबत दिलं आणि म्हणाले, "माझी सहानुभूती आहेच. पण ज्यांच्याकडे जातो-येतो त्यांच्याविरुद्ध सही करणं बरं दिसत नाही." जातो-येतो! शेठनी या माणसाला त्या दिवसानंतर व्हरांड्याच्या पायरीवरसुद्धा बसवलं नव्हतं.

शेवटी साक्षीला आल्या त्या पाड्यावरच्या तीन बायका. त्यांतली एक म्हातारी, तिच्या तोंडात दोनच दात होते. शेठच्या वकिलाने तिला विचारलं, "इथे वाट होती याला पुरावा काय?"

म्हातारीने पाय पुढे केला. टाच भेगाळलेली, कातळासारखी. "ह्यो बघ. आमी काय उडून येत व्हतो काय रं?"

कचेरीतला शिपाईसुद्धा हसला. वकील हसला नाही. तो म्हणाला, जागेवर वाटेची खूण नाही. मग पाहणी लागली. सर्कल ऑफिसर आणि तलाठी गावाचा जुना नकाशा घेऊन आले. नकाशात तुटक रेघ होती, पण ती जमिनीवर नेमकी कुठून जाते ते दोघांनाही सांगता येईना. अण्णा गेटच्या बाहेर उभे राहिले. आत जाणार नाही म्हणाले. तिथूनच त्यांनी झाडं सांगायला सुरुवात केली. एक, जांभूळ. दोन, रायवळ. तीन, रायवळ. मी ओरडून आत सांगायचे, तलाठी बघत पुढे जायचा. चौथ्याला तो थांबला.

"चार नाही! इथे काही नाही!"

"वाकडा," अण्णा म्हणाले. अगदी स्पष्ट.

सर्कल ऑफिसरने वाकून लॉन काठीने उकरलं. खाली बुंधा निघाला, करवतीने कापलेला, वर माती आणि गवताच्या लाद्या टाकून झाकलेला. तळ्यापर्यंत असे सहा बुंधे सापडले. नगरपालिकेसमोर फोटोत दरवर्षी रोप लावणाऱ्याने सहा आंबे कापून मातीखाली दडपले होते, कारण ते व्हरांड्यातून तळं दिसायच्या आड येत होते. हे वॉचमनने आम्हाला नंतर सांगितलं. पाहणीच्या दिवशी तो बोलला नाही, पण सर्कलसाहेबांना काठी त्यानेच आणून दिली होती.

निकाल लागायला वर्ष गेलं, वर अपिलात तीन वर्षं. मी नोकरीला लागले. तोवर अण्णांचा हात बराच सुधारला होता. पाय होता तेवढाच राहिला. शेवटी हुकूम आला. सहा फूट रुंदीची वाट सर्वांसाठी खुली ठेवावी. आईने शेजारी पेढे वाटले.

शेठनी हुकूम पाळला. अक्षरशः पाळला. गेटशेजारी भिंतीला भगदाड पाडलं, तिथून तळ्यापर्यंत बरोबर सहा फुटांची पट्टी सोडली आणि तिच्या दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर जातील असे पत्रे ठोकले. म्हणजे आमराईतून चालायचं, पण एक झाड दिसणार नाही. सावली नाही, वारा नाही, उन्हात दोन्हीकडून पत्रा तापलेला. तळ्याच्या टोकालाही पाण्याच्या बाजूने जाळी. पाड्यावरच्या दोन बायका मोळ्या घेऊन समोरासमोर आल्या की एकीला मागे मागे जावं लागायचं. कत्तलखान्यात गुरं नेतात ती वाट अशीच असते. ही अक्कल लढवायला एखाद्या माणसाने डोकं किती खाजवलं असेल, याचं मला अजून नवल वाटतं. तेवढ्या डोक्यात भलं काहीतरी मावलं असतं.

अण्णा तिथून चालायचेच. हुकूम आहे म्हणून. मी रविवारी सोबत असायचे. त्या सुमारास कार्डवाल्यांनी आत हास्य क्लब काढला होता. पत्र्यापलीकडून एक आवाज यायचा, "एक, दोन, तीन," आणि मग वीस-पंचवीस सभ्य माणसं एकदम हो हो हो करून हसायची. अलीकडे आम्ही, पत्र्याला कोपर भाजू नये म्हणून अंग आवळून चालत. पुन्हा हो हो हो. मला त्या हसण्यात साहेबांचा आवाज ओळखू यायचा. पाड्यावरची म्हातारी एकदा आमच्या पुढे होती. ती मोळीसकट थांबली, कान दिला आणि मला म्हणाली, "ह्यांना काय झालंय गं? कुणी चावलं काय?"

पत्र्यांचा निकाल पाड्यानेच लावला. पावसाळ्याच्या तोंडावर एक पत्रा गायब झाला, दुसऱ्या आठवड्यात चार. मुकादम यायचा, नवे ठोकायचा. वॉचमनला विचारलं की तो सांगायचा, वारा फार असतो इकडे. दोन पावसाळ्यांत डोंगराकडची सगळी बाजू मोकळी झाली आणि पाड्यावरच्या निम्म्या झोपड्यांवर निळसर पत्रे चमकायला लागले. कोर्टकचेरीने चार वर्षांत जे झालं नाही ते असं झालं. अण्णांना मी पहिल्यांदा हा प्रकार सांगितला तेव्हा त्यांनी चोरी ही चोरीच, असं म्हणून तोंड फिरवलं. मग थोड्या वेळाने विचारलं, "किती नेले?"

नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेठना अंबरनाथचा कंटाळा आला. त्यांनी सगळी जमीन एका बिल्डरला दिली. बिल्डरने पहिल्याच दिवशी गेटला कुलूप घातलं आणि कार्डवाल्यांना कळवलं की कार्डं बंद.

पंधरा दिवसांनी आमच्या दारात साहेब उभे. रिटायर झालेले, केस पांढरे, हातात फाइल. आमच्या चाळीत ते पहिल्यांदाच आले होते. वाट शोधत आल्याने घामाघूम होते. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "बिल्डर आता तुमची सहा फुटांची वाटसुद्धा मान्य करत नाही. आम्ही हायकोर्टात जायचं म्हणतोय. तुमच्याकडे तो हुकूम आहे ना, त्याची प्रत हवी होती. शेवटी हा सगळ्यांच्याच हक्काचा प्रश्न आहे."

मी मोरीपाशी उभी होते. मला वाटलं होतं, आता अण्णा बोलतील. चौदा वर्षांचं सगळं बोलतील. ते काठी घेऊन उठले, लोखंडी पेटीतून पिशवी काढली, हुकूम, नकाशा, पाहणीचा अहवाल, सगळं बाहेर ठेवलं.

"झेरॉक्स काढा," ते म्हणाले. "मूळ कागद परत आणा. आणि ह्या वेळी अर्जात पाड्याचं नाव आधी घाला."

"हो हो, घालू ना," साहेब म्हणाले.

"आधी," अण्णा म्हणाले.

मग माझ्याकडे वळून त्यांनी चहा टाकायला सांगितलं. मी टाकला नाही. आईने टाकला. साहेबांनी बशीत ओतून प्यायला आणि चांगला झालाय म्हणून सांगितलं.

कागद त्यांनी परत आणले, एवढं त्यांच्या बाजूने लिहायला हवं. अर्जात पाड्याचं नाव तिसऱ्या पानावर होतं. तडजोड झाली आणि तिथे आता दोन सोसायट्यांच्या मधून तळ्याकडे जाणारा एक नगरपालिकेचा रस्ता आहे. सगळे जातात. साहेबांबद्दल अण्णांच्या मनात कसलीही अढी उरली नव्हती. ते रस्त्यात भेटले की अण्णा उभे राहून दोन शब्द बोलायचे. मी रस्ता ओलांडून पलीकडे जायचे, आणि अण्णा गेल्यानंतरही, साहेब असेपर्यंत, जात राहिले.